लावण्याआधी मोजा: उजाड डोंगर-माळांबद्दल वाचकांचे प्रश्न

जून जवळ आला की वृक्षलागवडीबद्दलची पत्रं वाढतात. यंदा आलेल्या पत्रांतली निवडक इथे घेतली आहेत. काही उत्तरं लांबली, कारण प्रश्नच तसे होते.

प्रश्न : आमच्या ग्रामपंचायतीकडे गावामागचा पंधरा-सोळा हेक्टरांचा डोंगर आहे. आजवर तीनदा लागवड झाली, तिन्ही वेळा रोपं गेली. यंदा पुन्हा निधी येतोय. कोणती झाडं लावावीत? (सरपंच, जुन्नर तालुका)

झाडांची यादी नंतर. आधी दोरी घेऊन डोंगरावर जा, तेही एप्रिल-मेमध्ये. गवत वाळून बसलेलं असतं आणि ऐन, पळस, टेंभुर्णी यांच्या खुंटांना पावसाआधीच पालवी फुटलेली असते, त्यामुळे जमिनीत जिवंत काय आहे ते सहज दिसतं. माथा, उतार आणि पायथा मिळून पंधरा-वीस ठिकाणी दहा मीटर लांब-रुंद चौकोन आखा. प्रत्येक चौकोनातली फुटवे आलेली जिवंत खोडं आणि गुडघ्याच्या वर गेलेली आपसूक उगवलेली रोपं मोजा.

सरासरी चार निघाली, तर हेक्टरी चारशे झाली, म्हणजे साधारण दर पाच मीटरला एक झाड. मग लागवडीची गरजच नाही. तो पैसा राखणीला वळवा. एक-दोन निघाली, तर फक्त रिकाम्या जागा भरा. काहीच निघालं नाही आणि पायाखाली नुसता मुरूम असेल, तरच पूर्ण लागवडीचा विचार करायचा, तोही माती-पाणी अडवल्यावर.

हा फुटवा दिसायला करंगळीएवढा असतो, पण त्याखालचं मूळ अनेकदा गावातल्या म्हाताऱ्या माणसांपेक्षा जुनं असतं. तोड, चराई आणि वणवा सोसत ते दरवर्षी वर येतं आणि दरवर्षी खाल्लं जातं. खोल गेलेल्या त्या मुळाशी पिशवीतल्या रोपाची बरोबरी होत नाही. राखण झाली तर असा कोंब एका पावसाळ्यात कमरेला लागतो.

पहिलं वर्ष फक्त चराईबंदी ठेवा, कोयता लावू नका. शेळ्या पूर्ण थांबलेल्या नसताना आठ-दहा फुटव्यांतला एकच राखला आणि तोही खाल्ला गेला, तर खोड संपलं. फुटव्यांचा झुपका हेच त्याचं संरक्षण असतं. दुसऱ्या हिवाळ्यात पानगळ झाल्यावर आणि नवी पालवी यायच्या आत, जानेवारी-फेब्रुवारीत, विरळणी करा. जमिनीलगत फुटलेले एक किंवा दोन सरळ कोंब ठेवा. उंच खुंटाच्या टोकाला फुटलेला कोंब कितीही जोमदार दिसला तरी ठेवू नका, कारण खुंट कुजला की तो वाऱ्यानं फाटतो. खुंट जमिनीलगत तिरपा छाटा, म्हणजे कापावर पाणी साचत नाही. पावसात छाटणी केली तर बुरशी हमखास लागते.

करवंद, हेंकळ, बोराटी ही झुडपं तोडून ‘जागा साफ’ करण्याची हौस लागवडीच्या दरवेळी दिसते. एखादी करवंदाची जाळी काठीनं बाजूला करून बघा. आत ऐनाचं, आवळ्याचं नाहीतर उंबराचं रोप सापडण्याची शक्यता मोठी असते. बी वाऱ्यानं नाहीतर पाखरांनी आणलेलं आणि राखण काट्यांनी केलेली. जाळी काढली की ते रोप त्याच आठवड्यात शेळीच्या पोटात जातं.

चराईबंदी एकदम सगळ्या डोंगरावर घातली की ती मोडते, कारण ज्याच्याकडे फक्त शेळ्या आहेत त्यानं जायचं कुठे? तीन भाग करा. एक भाग झाडांचे शेंडे शेळीच्या तोंडापलीकडे जाईपर्यंत बंद ठेवा, म्हणजे साधारण पाच वर्षं. उरलेल्या दोन भागांत चराई चालू द्या. बंद भागातलं गवत कापून न्यायला मात्र पूर्ण मुभा हवी. राळेगणसिद्धी आणि हिवरे बाजारची कुऱ्हाडबंदी-चराईबंदी टिकली, त्यात ग्रामसभेचा निर्णय आणि कापून न्यायचा चारा या दोन्हींचा वाटा होता. गवत कापलं की वणव्याचं जळणही कमी होतं, हा वरचा फायदा.

जाळरेषा, म्हणजे आग पुढे सरकू नये म्हणून गवत काढून मोकळा केलेला पट्टा, १५ फेब्रुवारीच्या आत पूर्ण व्हायला हवी. वन खात्याचा वणवा हंगाम तेव्हापासून १५ जूनपर्यंत धरतात. रेषा किमान तीन मीटर रुंद असावी. आग बहुतेक वेळा रस्त्याकडून येते आणि चढाच्या दिशेनं धावते, म्हणून पायथ्याची, रस्त्यालगतची रेषा आधी काढा आणि माथ्याची नंतर. मधल्या उतारावरची रेषा फारशी कामाची नसते, कारण पेटलेला ओंडका गडगडत ती ओलांडतो. कापलेलं गवत जागीच जाळणार असाल तर पहाटे, वारा पडलेला असताना, थोडं थोडं जाळा. हाताशी ओले डहाळे आणि पुरेशी माणसं ठेवा आणि वनपालांना आधी कळवा.

प्रश्न : सलग समतल चर खणायचे आहेत. जेसीबीवाला म्हणतो, ‘नजरेनं काढतो.’ चालेल का? (शेतकरी, आटपाडी तालुका)

नाही. समतल चर म्हणजे उताराला आडवा, एकाच पातळीत खणलेला. तो समतल नसला तर चर राहत नाही, पाट होतो. सगळं पाणी उतरत्या टोकाला जमतं, तिथे भराव फुटतो आणि जिथे काही नव्हतं तिथे घळ पडते. अशा घळी पडलेले डोंगर राज्यात कमी नाहीत.

समपातळी आखायची ए-फ्रेम (इंग्रजी ‘ए’ अक्षराच्या आकाराची चौकट) घरी होते. दोन सहा फुटी बांबू टोकाला बांधा, पाय फाकवून मध्ये आडवी पट्टी ठोका आणि टोकापासून दोरीला दगड बांधून ओळंबा सोडा. आता दोन खुंट्यांवर पाय ठेवून दोरी पट्टीला जिथे लागते तिथे खूण करा. मग पायांची अदलाबदल करून त्याच खुंट्यांवर ठेवा आणि दुसरी खूण करा. दोन खुणांचा मध्य ही तुमची समपातळी. ही तपासणी न करता ए-फ्रेम वापरली तर सगळी आखणी एकाच बाजूला उतरत जाते आणि ते पहिल्या पावसापर्यंत कळत नाही.

नेहमीचं माप ६० सेंमी रुंद आणि ३० सेंमी खोल. ओळींमध्ये दहा मीटर अंतर धरलं तर हेक्टरी हजार मीटर चर होतात आणि एका भरण्यात १८० घनमीटर पाणी मावतं. म्हणजे त्या हेक्टरावर पडलेला १८ मिलिमीटर पाऊस. बरंच पाणी वाटतं, पण वळवाचा एक जोरदार सडाका याहून मोठा असतो. चर भरून वाहणारच, हे धरूनच आखणी करा. दर आठ-दहा मीटरवर हातभर जागा न खणता सोडा, म्हणजे एक तुकडा फुटला तरी बाकीचे टिकतात. माती खालच्या अंगाला टाका, पण चराच्या काठापासून फूटभर जागा सोडून, नाहीतर पहिल्या पावसात ती परत चरातच येते. ओघळ आला की चर थांबवा. ओघळीला अनघड दगडांचे बांध घाला आणि सुरुवात माथ्याकडून करा.

३३ टक्क्यांहून जास्त उतारावर सलग चर खणू नका. तिथे तीन-चार मीटरचे तुटक चर, एकाआड एक सरकवून, बरे. गवताचं चांगलं आच्छादन असलेल्या जागी तर चर खणूच नका. ते गवत पाणी फुकट मुरवतं आणि यंत्र ते उपटून काढतं.

प्रश्न : रोपं पावसाळ्यात छान येतात आणि उन्हाळ्यात मरतात. टँकरनं पाणी द्यावं का? (शिक्षिका, सिन्नर तालुका)

मरतात उन्हाळ्यात, पण त्याचं कारण जुलैतच घडलेलं असतं. पिशवी उघडून मुळं बघा. तळाशी मुळांनी वेटोळं केलं असेल तर ते पुढेही गोलच वाढत राहतं, खाली जात नाही. तळाचा बोटभर भाग ब्लेडनं कापून टाका आणि बाजूंना दोन-तीन उभे काप द्या. दुसरी गोष्ट खड्ड्याची. कडक मुरमात ३० सेंमीचा खड्डा ही कुंडीच असते. ४५ सेंमीचा खड्डा मार्चपर्यंत खणून उन्हात तापू द्या आणि भरण्याआधी तळ पहारीनं फोडा. भरताना आजूबाजूची वरची माती आणि दोन किलो पूर्ण कुजलेलं शेणखत घाला. ओलं शेण घातलं तर हुमणी-वाळवीला आमंत्रण.

लागवड पहिल्या सरीनंतर नको. पहार खुपसून बघा, ओल फूटभर खाली गेली असेल तर लावा. पर्जन्यछायेच्या भागात जुलैच्या मध्यानंतर लावलेल्या रोपाला मुळं उतरवायला वेळच मिळत नाही. रोप उंच असण्यापेक्षा बुंध्याला जाड असावं. शेडनेटमध्ये लांबलेली काडी माळावर टिकत नाही. नेण्याआधी पंधरा दिवस ती रोपं उघड्या उन्हात, पाणी कमी करत ठेवायला रोपवाटिकेला सांगा.

आणि सगळ्यात दुर्लक्षित काम ऑगस्ट-सप्टेंबरचं. रोपाभोवती मीटरभर वर्तुळात गवत काढा आणि ऑक्टोबरमध्ये तेच गवत आच्छादन म्हणून पसरा, बुंध्याला न चिकटवता. रोपाचं पाणी पळवतं ते गवत. एवढं केलं तर काटक देशी झाडांना टँकर सहसा लागत नाही. पाणी दिलंच तर आठवड्याला तांब्याभर देण्यापेक्षा पंधरा दिवसांनी भरपूर द्या. रोजच्या शिडकाव्यानं मुळं वरच राहतात.

जगण्याची टक्केवारी विचारली तर एकच उलटा प्रश्न करा: मोजणी कधीची? ऑक्टोबरात मोजली तर कुठलीही लागवड यशस्वी असते. राज्यात २०१९च्या एका पावसाळ्यात ३३ कोटी रोपांचं लक्ष्य होतं. आकडा लावण्याचा होता, तोच सगळ्यांच्या लक्षात राहिला. खरी मोजणी दुसऱ्या वर्षीच्या मेमधली.

प्रश्न : शाळेत मुलांकडून बीजगोळे करून घेतो. डोंगरावर टाकले तर उगवतील का? (सोनपेठ तालुका)

काही उगवतात, फार थोडे टिकतात. गोळा कडक जमिनीवर विरघळतो, बी वरच्या वर रुजतं आणि मूळ आत शिरण्याआधी ऊन पडतं. उरलेलं मुंग्या-उंदरांचं. त्यात मोह, जांभूळ, कडुनिंब यांचं बी असेल तर ते गोळ्यातच मेलेलं असतं, कारण या बियांची उगवणशक्ती फार तर दोन-तीन आठवडे टिकते. ती गोळा केल्याबरोबर पेरावी लागतात.

मुलांना पहार द्या, मोठ्या माणसांसोबत. पाऊस लागल्यावर टोकणी करा. बियाच्या जाडीच्या दुप्पट खोल, एका जागी दोन-तीन बिया, शक्यतो काटेरी झुडपाच्या आडोशाला. सीताफळ, करंज, पळस, शिवण, खैर टोकणीनं येतात. बाभळीच्या बियांवर उकळून चुलीवरून उतरवलेलं पाणी ओता आणि रात्रभर ठेवा. फुगलेल्या बिया लावा आणि न फुगलेल्यांना पुन्हा तोच उपचार करा. सलई, पांगारा, शेमट यांना बियांची गरजच नाही. मनगटाएवढ्या जाड, चार-पाच फुटी फांद्या मेअखेर दीड फूट गाडल्या तरी फुटतात.

बी आणायचं ते जवळच्या देवराईतून, पण एकाच झाडाखालून नको. दहा-पंधरा झाडांखालून थोडं थोडं घ्या आणि निम्म्याहून जास्त तिथेच राहू द्या.

प्रश्न : आमच्या टेकडीवर गिरिपुष्पच गिरिपुष्प आहे. हिरवळ दिसते, पण खाली काहीच उगवत नाही. तोडून टाकावं का? (टेकडीप्रेमी गट, पुणे)

एकदम नको. गिरिपुष्प, म्हणजे उंदीरमारी, मूळचं मध्य अमेरिकेतलं. झपाट्यानं वाढतं, नत्र स्थिर करतं आणि आपल्याकडची जनावरं त्याला सहसा तोंड लावत नाहीत, म्हणून ते टेकड्यांवर लावलं गेलं. त्यानं माती धरली हे खरंच आहे. सरसकट तोडलं तर माती उघडी पडते आणि प्रत्येक बुंध्यातून डझनभर फुटवे येतात, म्हणजे पुढच्या वर्षी दुप्पट दाट.

उताराला आडवे, सात-आठ मीटरचे पट्टे घ्या. मेमध्ये एकाआड एक पट्टा जमिनीलगत छाटा आणि पाला तिथेच पसरा, तो उत्तम खत आहे. जुलैत मोकळ्या पट्ट्यात स्थानिक रोपं लावा आणि बिया टोका. खरं काम त्यानंतरचं आहे. फुटवे हातभर झाले की तोडायचे, पावसाळ्यात तीन-चार वेळा, निदान तीन वर्षं. खोडातला साठा असाच संपतो. लहान रोपं जुलैत जमीन मऊ असताना मुळासकट उपटून निघतात. स्थानिक झाडं डोक्यावर गेली की मगच उरलेल्या पट्ट्यांना हात घाला. शेंगा वाळून तडकण्याच्या आत छाटणी झाली तर बीही पडत नाही. तीन वर्षं माणसं टिकणार नसतील तर सुरुवात करू नका, अर्धवट कामानं टेकडी आहे त्याहून वाईट होते.

प्रश्न : घाणेरी दरवर्षी तोडतो, दरवर्षी येते. (मुळशी तालुका)

वरून तोडता म्हणूनच येते. घाणेरीचे फुटवे खोड आणि मूळ जिथे जुळतं त्या गाठीतून येतात. आधी झुडूप कमरेच्या उंचीवर छाटून आत शिरायला वाट करा. मग कुदळीनं जमिनीखाली दोन-तीन बोटं जाऊन मुख्य मूळ कापा आणि गाठीसकट झुडूप उचलून उलटं, मुळं वर करून ठेवा. मुळं मातीला टेकली की पुन्हा रुजतात. हे काम फळं पिकण्याआधी करा. मोकळ्या जागी लगेच गवताचं बी टाका, नाहीतर ती जागा रानमोडी घेते. पुढची दोन वर्षं पाखरं बसतात त्या झाडांखाली घाणेरीची रोपं शोधून उपटा. तीव्र उतारावर एका वर्षात सगळी काढू नका.

प्रश्न : एक कंपनी आमच्या गावच्या माळावर दहा हजार झाडं लावून देणार आहे. ग्रामसभेनं होकार द्यावा का? (मोहोळ तालुका)

माळ कोणता आहे, त्यावर ठरेल. जिथे आधी जंगल होतं आणि तुटलं, तिथे झाडं ठीक. पण सोलापूरकडचे बरेच माळ मुळातच गवताळ आहेत. माती उथळ, पाऊस पाचशे-सहाशे मिलिमीटरच्या आसपास. लांडगा, खोकड, चिंकारा, धाविक, चंडोल यांचं ते घर. नान्नजचं माळढोक अभयारण्य १९७९ सालचं, ते अशाच माळासाठी. शेतसारा न देणारी जमीन ती ‘पडीक’, ही इंग्रजी अमदानीतली नोंद अजून आपल्या डोक्यातून गेलेली नाही. माळावर खड्डे खणून गिरिपुष्प नाहीतर सुबाभूळ लावली की गवत जातं, मेंढपाळाची चराई जाते, आणि झाडंही खुरटीच राहतात.

कंपनीला काहीतरी करायचंच असेल तर गवत सुधारायला सांगा. मारवेल, पवना, शेडा, डोंगरी यांचं बी ऑक्टोबर-नोव्हेंबरात जवळच्या राखलेल्या कुरणातून हातानं ओरबाडून मिळतं. ताज्या बियांपेक्षा पुढच्या पावसाळ्यापर्यंत साठवलेलं बी जास्त उगवतं, म्हणून सावलीत वाळवून कापडी पिशवीत ठेवा. जूनमध्ये हेक्टरी पाच-सहा किलो बी ओलसर मातीत मिसळून फेका आणि काट्याची फांदी फिरवून जेमतेम झाका. बोटभर खोल गेलेलं गवताचं बी वर येत नाही. मारवेलीची ठोंबं दीड-दीड फुटावर लावली तर अधिक खात्रीचं, पण हेक्टरी चाळीस हजारांच्या वर ठोंबं लागतात, म्हणून ती ओघळींच्या काठी आणि बांधांवर वापरा. पहिली दोन वर्षं बी झडेपर्यंत चराई नको. नुसतं कुसळी गवत माजलं असेल तर ते अतिचराई आणि जाळपोळ यांचं लक्षण समजा. ते फुलण्याआधी कापा, म्हणजे चाराही मिळतो आणि बीही पडत नाही.

प्रश्न : आमच्या सड्यावर माती आणून टाकून आंबा-काजू लावले तर? (राजापूर तालुका)

सडा, म्हणजे कोकणातलं कातळाचं पठार, स्वतःच्या मालकीचा असला तरी घाई करू नका. चार महिने तिथे साचणारं पाणी खालच्या विहिरी-झऱ्यांना मिळतं आणि त्या बोटभर मातीत पावसाळ्यापुरत्या उगवणाऱ्या कित्येक वनस्पती दुसरीकडे कुठे जगत नाहीत. शिवाय खड्ड्यांसाठी सुरुंग लावण्याआधी कातळशिल्पं आहेत का ते बघा. लागवड सड्याच्या उतरणीला करा, जिथे माती आहे.

प्रश्न : आमच्या ग्रामसभेला सामूहिक वनहक्क मिळाला आहे. तेंदूपत्त्यासाठी आणि मोहफुलांसाठी लोक आग लावतात. ती कशी थांबवावी? आणि मोहाची नवी झाडं का दिसत नाहीत? (ग्रामसभा सदस्य, कुरखेडा तालुका)

दोन्ही प्रश्न एकच आहेत. २००६च्या वनहक्क कायद्यातलं कलम ३(१)(झ) तुम्हाला वनाचं संरक्षण, पुनरुज्जीवन आणि व्यवस्थापन करण्याचा हक्क देतं, आणि कलम ५ ग्रामसभेला नियम करायचा अधिकार. तुमच्याच गडचिरोली जिल्ह्यातलं मेंढा (लेखा) हे गाव हा हक्क २००९पासून वापरतंय. तेव्हा आगीचा नियम तुमच्याच ठरावात बसवा, आणि तो तेंदू लिलावाच्या करारातही लिहा: जळालेल्या भागातला पत्ता खरेदी होणार नाही. नुसत्या दंडानं काम होत नाही, खरेदीची अट बोचते.

तेंदूला आगीची गरज नसते, खुटकटाईची असते. फेब्रुवारीअखेर ते मार्चच्या सुरुवातीला झुडपं जमिनीलगत धारदार हत्यारानं कापली की नव्या फुटव्यांना मोठी, मऊ पानं येतात, आगीनंतर येतात तशीच. मजुरी लागते हे खरं, ती रोहयोतून किंवा तेंदूच्या बोनसमधून आधीच बाजूला काढून ठेवा. मोहाखालचा पाला जाळण्याऐवजी झाडून बांधापलीकडे ओढा नाहीतर जुन्या साड्या-जाळ्या पसरा. फुलंही स्वच्छ मिळतात आणि भाव थोडा बरा येतो.

नवी झाडं न दिसण्याचं कारण साधं आहे. फुलं वेचली जातात, टोळी (मोहाचं बी) तेलासाठी वेचली जाते, आणि जे चुकून उगवतं ते पुढच्या मार्चमध्ये जळतं. दर कुटुंबानं आपल्या एका झाडाखालची टोळी वेचायची नाही, असं ठरवा. शिवाय पिकलेल्या फळांतली टोळी काढून त्याच आठवड्यात पिशव्यांत लावा. पिशवी लांब हवी, कारण मोहाचं सोटमूळ फार लवकर खाली धावतं. जुलैत रोप मोठ्या झाडाच्या सावलीबाहेर, उघड्या जागी लावा. भोवती बोराटीचं कुंपण घाला आणि त्या कुंपणाबाहेर दीड मीटर रुंदीचं कडं दर जानेवारीत पाला ओढून मोकळं करा. बोराटीचं कुंपण वाळलं की तेच पेट घेतं, म्हणून पालापाचोळा त्याला टेकू देऊ नका.